डावऱ्या हाताचं तपेलं

त्या वर्षी अण्णा दिवसभर घरी असत. दोन खोल्यांच्या घरात एक उंच माणूस दिवसभर असला की घर किती लहान आहे ते कळतं. सातपूरच्या ज्या कारखान्यात ते टर्नर होते, त्याच्या फाटकाला कुलूप लागलं होतं आणि ते केव्हा निघेल हे कोणी सांगत नव्हतं. सकाळी सातला ते सवयीनं डबा मागत. आई म्हणे, "डबा कशाला, ताटच घ्या." मग ते ओट्याशी पाट मांडून साडेसातलाच जेवून घेत. बाजरीची भाकरी, उडदाची आमटी, लसणाची चटणी. जेवण झालं की हात धुऊन काहीतरी दुरुस्त करायला घेत. दाराची कडी झाली, माझ्या सायकलची चेन झाली, शेजारच्या चार घरांचे स्टोव्ह झाले. दुरुस्त करायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी चांगल्या चालणाऱ्या वस्तू उघडायला सुरुवात केली. आईनं तिच्या शिवणयंत्रावर हात ठेवला आणि म्हणाली, "याचा एक स्क्रू जरी हलला तरी मी माहेरी जाईन." अण्णा हसले, पण दुपारभर त्या यंत्राचा आवाज ऐकत बसले. बॉबिन कुठल्या बाजूनं घासतं ते त्यांना आवाजावरून कळत होतं.

मी तेव्हा नववीत होते. पुढे मी अठ्ठावीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर काढली. हातात व्हर्नियर धरून दिवसाला शेकड्यानं नग मोजले, आणि मोजलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायची मला सवय लागली. या प्रकरणातही तसंच करते आहे. जे मी स्वतः मोजलं ते मोजलं म्हणून लिहीन, जे ऐकलं ते ऐकलं म्हणून.

आजोबांबद्दल आमच्या घरात जे होतं ते सगळं एका हाताच्या बोटांवर येईल. त्यांचं नाव रघुनाथ. ते जुन्या नाशकात, तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवत. तिथून ते मनमाडला गेले आणि रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांचे तांब्याचे पाइप जोडायच्या कामाला लागले. अण्णा सहा वर्षांचे असताना तिथेच वारले. आजी एक ट्रंक आणि एक मूल घेऊन नाशकाला परत आली. ट्रंकेत आजोबांनी घडवलेला एक पाणी प्यायचा तांब्या होता, तो आमच्याकडे रोजच्या वापरात होता. फोटो नव्हता. अण्णांना वडिलांचा चेहरा आठवत नव्हता, फक्त एक गोष्ट आठवत होती: वडील घास भरवत ते डाव्या हातानं, आणि त्यावरून आजी त्यांना बोलत असे.

याखेरीज एक राग होता. तो आजीनं अण्णांना दिला होता आणि अण्णांनी तो नीट सांभाळला होता. आळीतल्या देवीच्या देवळासाठी एक प्रचंड तपेलं घडवलं गेलं होतं, पाच माणसांनी उचलायचं, नवरात्रात पंगतीची आमटी शिजवायचं. पहिल्याच वर्षी ते बुडाशी गळलं. दोष आजोबांवर आला आणि ज्यांच्या कामठ्यात, म्हणजे भांडी घडवायच्या जागेत, ते काम करत त्या शेठनी त्यांना हाकलून दिलं, असं आजी सांगे. अण्णांची खात्री होती की आख्खं तपेलं आजोबांनी घडवलं, फक्त बूड दुसऱ्या कोणी तरी बसवलं आणि आळ त्यांच्यावर ढकलला. आळीत मात्र नेमकी उलटी गोष्ट चालत आली होती. तपेल्याचं सुबक अंग शेठच्या हातचं आणि फसलेलं बूड तेवढं रघूचं. दरवर्षी आमटी चढवण्यापूर्वी बुडाच्या सांध्याला बाहेरून कणकेचा जाड लेप देत, आणि लेप देताना कोणीतरी म्हणेच, "रघूचा डाग आधी जेवतो, मग पंगत." डाग म्हणजे दोन पत्र्यांचा वितळवून केलेला सांधा. अण्णांनी हे वाक्य लहानपणापासून ऐकलं होतं. म्हणून आम्ही देवीला जायचो ते पंगत उठल्यावर.

घटस्थापनेच्या आधी अण्णांना कुठून तरी कळलं की ते तपेलं मोडीत निघालं आहे. त्यांनी सदरा चढवला आणि मला म्हणाले, "चल." मी का, हे त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, बरोबर कोणी असलं तर आपण भांडणार नाही असा त्यांचा हिशेब असावा.

देवळाचं सगळं विश्वनाथशेठ पाहत. ज्या शेठच्या कामठ्यात आजोबा होते त्यांचे हे नातू. भांडी बाजारात त्यांचं मोठं दुकान होतं, पण हातोडा त्यांच्या घरात दोन पिढ्यांत कोणी धरला नव्हता. ते देवळाच्या पायरीवर चार माणसांत बसले होते.

"ये रे दत्तू. कारखाना सुटला का?"

"सुटला नाही, बंद आहे. तपेलं मोडीत देताय म्हणे."

"देतोय बाबा. स्टीलची चार पातेली आलीत. दरवर्षी ती कणीक थापा, कल्हई करा, उचलायला पैलवान शोधा. कोणी करायचं?"

"ते माझ्या वडिलांच्या हातचं आहे."

पायरीवरून कोणीतरी म्हणालं, "बूड तेवढं! ते कापून देऊ का घरी न्यायला?" आणि सगळे हसले. शेठही हसले, पण लगेच थांबले. माझ्याकडे पाहून थांबले असतील.

"दत्तू, आपल्यात भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, घडवणाऱ्याचं नाही. तुझ्या बापाचं असो की माझ्या आजोबांचं, लिहिलेलं कुठेच नाही. तू म्हणतोस म्हणून कसं मानायचं?"

हे खरं होतं. आमच्या घरच्या प्रत्येक भांड्यावर मामाचं, आत्याचं, कोणाच्या तरी लग्नाचं नाव होतं. फक्त ज्यानं ते घडवलं त्याचं नव्हतं. तपेल्याच्या काठावरही "समस्त आळीकरांकडून देवीस अर्पण" एवढंच होतं.

"दाखवून दिलं तर?" अण्णांनी विचारलं.

शेठनी विचार केला. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोडवाल्याचा टेम्पो येणार. तोवर दाखव. मुरलीनं मान हलवली तर तपेलं राहील आणि त्यावर तुझ्या बापाचं नाव मी स्वतः घालून घेईन. नाहीतर टेम्पोत चढवायला तूच हात लाव. कबूल?"

"कबूल."

मुरलीकाका म्हणजे आळीत अजून हातानं भांडं घडवणारे शेवटचे कारागीर. ते या सगळ्या वेळात समोरच्या ओट्यावर एका हंड्याला ठोके देत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ठोके थांबले होते.

घरी आल्यावर आई म्हणाली, "झालं? आता मेलेल्या माणसाची सही कुठून आणणार?" अण्णांनी फडताळातून तांब्या काढला, पाणी ओतून टाकलं आणि तो उन्हात धरला. मग मला जवळ बोलावून त्यांनी जे दाखवलं ते मी पुढे आयुष्यभर वापरलं. ते म्हणाले, हत्यार आपली खूण ठेवून जातं. लेथवर काढलेला नग पाहून तो कोणी काढला हे मी सांगतो, मग हातोड्याचं का सांगता येऊ नये? तांब्याचं भांडं घडलं की त्याला सगळीकडून ओळीनं ठोके देतात, त्याला मठार म्हणतात. त्यानं पत्रा कणखर होतो आणि भांडं चमकतं. प्रत्येक ठोक्याचा उथळ वाटीसारखा खळगा पडतो. शेजारी दुसरा पडला की तो पहिल्याची कड थोडी खातो. म्हणजे कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा हे बोटानं चाचपूनसुद्धा कळतं. उजव्या हाताचा कारागीर भांडं एका बाजूला फिरवत नेतो, डावरा उलट बाजूला.

"आता या तांब्यावर बघ," ते म्हणाले. मी पाहिलं. मग शेजारच्यांचा हंडा आणून त्याच्यावर पाहिलं. हंड्यावरचे ठोके उजवीकडे सरकत गेले होते, तांब्यावरचे डावीकडे.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी देवळामागच्या खोलीत जाऊ लागले. तपेलं तिथे आडवं करून ठेवलं होतं. आत मी उभी राहिले असते तर खांद्यापर्यंत बुडाले असते. अण्णांनी चिंचेचा कोळ आणि राख घेऊन काजळी घासून काढली, तपेल्याचे खडूनं बारा भाग पाडले, आणि मला पातळ कागद आणि शिसपेन्सिल दिली. कागद पत्र्यावर दाबून धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची, की ठोके कागदावर उमटतात. कागद काढून त्यावर भागाचा आकडा टाकायचा, ओळी मोजायच्या, एका वितीत किती ठोके ते लिहायचं आणि ते कुठल्या बाजूला सरकतात त्याचा बाण काढायचा. माझी वीत अण्णांच्या पोलादी पट्टीवर सात इंच भरली, तेवढीच धरली. आळीतल्या सात घरांतली सात जुनी भांडीही मी याच रीतीनं तपासली. ती सातही उजव्या हाताची निघाली. हे मी मुद्दाम केलं, कारण सगळेच डावरे निघाले असते तर आमच्या म्हणण्याला काय अर्थ होता?

पायरीवरची मंडळी येता जाता डोकावत. "काय सुमे, किती झाले? देवीच्या मळवटातल्या टिकल्या पण मोजून टाक." मी उत्तर देत नसे, आकडा चुकतो. बाहेर घटापुढे बायकांची गाणी चालत, समोर मुरलीकाकांचे ठोके चालत, आणि मध्ये मी तोंडातल्या तोंडात एकवीस, बावीस, तेवीस करत बसलेली.

चौथ्या दिवशी अंग पूर्ण झालं. बारा भाग, बाराच्या बारा डावीकडे. एका वितीत चौतीस ठोके, कुठे तेहेतीस, कुठे पस्तीस, याच्या बाहेर एकही नाही. इतका सारखा हात मी नंतर यंत्राचाही क्वचित पाहिला. पाचव्या दिवशी मी बुडाचे कागद घेतले. पहिल्याच कागदावर बाण डावीकडे गेला. मला वाटलं मी कागद उलटा धरला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. बुडाचे सहाही भाग डावीकडे. म्हणजे फसलेलं बूडही आजोबांचंच होतं. आणि आणखी एक गोष्ट होती जिचा अर्थ मला लागेना. बुडावर एका वितीत एकोणपन्नास ठोके होते.

त्या संध्याकाळी जेवताना अण्णांनी विचारलं आणि मी म्हणाले, "अंग सगळं आजोबांचं. एकही उलटा नाही." त्यांनी मांडीवर थाप मारली. "मी सांगत होतो! आणि बूड?"

"बूड अजून व्हायचंय," मी म्हणाले.

हे खोटं होतं. मोजून झालेल्या गोष्टीबद्दल खोटं बोलल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकच प्रसंग, म्हणून लिहून ठेवते. बुडाचे कागद मी अंकगणिताच्या वहीत ठेवले होते. मनात असंही आलं की ते फाडून टाकले तर कोणाला कळणार आहे? आळीत दुसरं कोणी मोजायला बसणार नव्हतं. अंगाचे बारा कागद दाखवले की आळी हरली, अण्णा जिंकले. आई माझ्याकडे बघत होती. "आमटी निवली तुझी," ती म्हणाली. "काय गिळून बसलीस?"

मी रात्र काढली आणि सकाळी अण्णा दाढी करत असताना त्यांच्यासमोर सहा कागद ओळीनं मांडले. त्यांनी बाण पाहिले. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते म्हणाले, "परत मोज."

"दोनदा मोजलंय."

त्यांनी तोंड पुसलं, टॉर्च घेतला आणि एकटेच देवळात गेले. दोन तासांनी आले तेव्हा कपाळाला आणि सदऱ्याला सांध्यात उरलेली काजळी होती, म्हणजे बुडाला डोकं आणि खांदा लावून एकेक ठोका पाहिला असणार. "तुझी मोजणी बरोबर आहे," ते म्हणाले आणि पाटावर बसून राहिले. आईनं चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. ती म्हणाली, "मग सोडा ना आता. कुणाला काय पडलंय." मला वाटलं सोडतील. मग त्यांनी विचारलं, "पण बुडावर ठोके जास्त का? ज्याचा हात चौतीसच्या बाहेर जात नाही, तो एकोणपन्नासवर का जाईल?" टर्नरचा प्रश्न होता तो. राग बाजूला राहिला होता आणि माप जुळत नव्हतं.

हे सांगू शकेल असा एकच माणूस जिवंत असला तर असेल. मनमाडच्या शेडमध्ये आजोबांबरोबर काम करणारे कादरचाचा. आजी वारली तेव्हा त्यांचं पत्र आलं होतं, त्यावरचा पत्ता आईनं शोधून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाशिकरोडहून पॅसेंजर धरली.

चाचा रेल्वेच्या चाळीमागच्या एका घरात मुलाजवळ राहत. ऐंशीच्या पुढचे, खाटेवर बसलेले, कान मजबूत. इंजिनाच्या शेडमध्ये जन्म काढलेल्या माणसाचे कान मजबूत राहिलेले मी तेवढेच पाहिले.

"कौन? दत्तू? रघूचा दत्तू?" त्यांनी अण्णांचे दोन्ही हात ओढून घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले. "तू डावरा नाही झालास."

"नाही चाचा, उजवा."

"अच्छा झालं. भट्टीवर डाव्या माणसाला सगळी हत्यारं दुश्मन." मग माझ्याकडे वळून, "ही तुझी? नाक रघूचं घेतलंय हिनं. गरीब पोरीला दुसरं काही मिळालं नाही?"

सुनेनं चहा आणि शेवया आणल्या. अण्णांनी शेवयांना हात न लावता बुडाचे सहा कागद खाटेवर पसरले आणि विचारलं. चाचांनी कागद डोळ्यांजवळ धरले नाहीत, नुसता अंगठा फिरवला, जणू कागदावर खळगे होते.

"तुला काय सांगितलंय?"

"शेठनी आळ घालून हाकललं म्हणून."

"कोणी सांगितलं?"

"आईनं."

"भाभीला तरी काय सांगणार तो?" चाचा म्हणाले. "घरी कोण सांगतो, मी चुकलो म्हणून? आम्हाला सांगायचा. शेडमध्ये नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला समोर बसवून सांगायचा. बूड तयार झालं होतं, बेटा. पाणी भरून बघितलं होतं, एक थेंब नाही. पण त्याला दिसलं, अंग कसं बारीक मठारलंय आणि बूड जाडंभरडं राहिलंय. म्हणाला, अजून एक फेर मारू. भट्टी तर विझवलेली. कोण पेटवणार पुन्हा? ताव न देता, थंड तांब्यावर मारला फेर." त्यांनी दोन बोटं जवळ आणली. "तांबं मारलं की कडक होतं. मग आग दाखवायची, नरम करायचं, मग मारायचं. आग नाही दाखवली की चिरतं. बालाइतकी, केसाइतकी चीर. दिसत नाही. पंगतीच्या दिवशी आमटी चुलीत."

चौतीसवर पंधरा जास्त. माझ्या आकड्याचा अर्थ लागला.

"आणि शेठ?" अण्णांनी विचारलं.

"शेठ काय म्हणणार? म्हणाला, उद्या घेऊन ये, पुन्हा ताव दे, पुन्हा डाग दे, त्यात काय एवढं. तेच रघूला सोसलं नाही. शिवी दिली असती तर राहिला असता. सकाळी निघून आला इकडे. त्याला हाकललं कोणी नाही, दत्तू. तो आपणहून आला." मग म्हणाले, "इथं जितकी वर्षं होता, त्याच्या डागातून वाफेचा एक थेंब सुटला नाही. हे पण लिही, पोरी, तुझ्या कागदावर." मी लिहिलं. हे ऐकलेलं आहे, मोजलेलं नाही.

परतीच्या गाडीत अण्णा खिडकीशी बसले. लासलगाव गेलं, निफाड गेलं. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी झाले आहे, तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा थोडा अंदाज येतो. आपल्या वडिलांवर अन्याय झाला हे धरून माणूस चाळीस वर्षं जगलेला, आणि अन्याय झालाच नव्हता असं कळणं म्हणजे वडील दुसऱ्यांदा जाण्यासारखं असणार. नाशिकरोड जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "उद्या कागद सगळे घे."

"बुडाचेसुद्धा?"

"बुडाचे आधी."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पो देवळासमोर येऊन उभा होता. अण्णांनी सभामंडपात अठरा कागद दगड ठेवून मांडले, मधे आमचा तांब्या ठेवला, आणि उभं राहून सांगायला सुरुवात केली. बाणांचा अर्थ सांगितला. मग म्हणाले, "आळीत म्हणतात, बूड माझ्या बापाचं. ते खरं आहे. मी म्हणत होतो अंग त्याचं. तेही खरं आहे. आख्खं तपेलं एका हाताचं आहे. गळतं तेही त्याच्याच हातानं. त्यानं ताव चुकवला." आणि शेठकडे वळून, "तुमच्या आजोबांनी त्याला हाकललं असं मी जन्मभर सांगत आलो. ते चूक होतं. त्यांनी शिवीसुद्धा दिली नव्हती. मला हे काल कळलं."

पायरीवरचं कोणी हसलं नाही. शेठनी विचारलं, "म्हणजे आमच्या आजोबांचं यात काहीच नाही?"

"भट्टी त्यांची होती," अण्णा म्हणाले. "आणि माझ्या बापाला काम शिकवलं ते त्यांनीच."

मुरलीकाका आपला हातोडा घेऊन उठले. कागदांकडे त्यांनी बघितलंही नाही. ते सभामंडपात आणून ठेवलेल्या तपेल्याजवळ गेले, एका पायावर पाय टाकून कारागिराच्या बैठकीनं बसले आणि हातोड्याचं तोंड उजव्या हातानं एका खळग्यात टेकवून पाहिलं. बसेना. दोन ठिकाणी पाहिलं. मग हातोडा डाव्या हातात घेतला आणि पुन्हा टेकवला. तो असा बसला की जणू त्याच्यासाठीच खळगा केला होता. तसेच डाव्या हातानं ते एकेक खळगा पुढे सरकत गेले, अंगावरून बुडापर्यंत, आणि मग त्यांनी मान हलवली.

"टेम्पो जाऊ दे," शेठ म्हणाले. ते शब्दाला पक्के निघाले, हे त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं. "मुरली, उद्याच नाव घाल."

"नाव थांबवा," अण्णा म्हणाले. "आधी राहिलेलं काम होऊ दे."

"कुठलं राहिलंय?"

"तुमच्या आजोबांनी सांगितलेलं. पुन्हा ताव, पुन्हा डाग. मुरलीकाका, तुम्ही शिकवाल तर मी करीन. मला तसंही सध्या काम नाही."

मी न राहवून मध्ये बोलले. "अण्णा, ताव देऊन पुन्हा ठोकलं की बुडावरच्या खुणा जातील. मग पुरावा कुठला?"

"तू मोजलंस ना? लिहून ठेवलंस ना?" ते म्हणाले. "मग झालं."

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी मुरलीकाकांच्या भट्टीवर काम सुरू झालं. आधी आतली सगळी कल्हई काढावी लागली, कथिल राहिलं तर डाग धरत नाही. मग जुना सांधा उघडला, पितळेचा चुरा आणि टाकणखार भरला, कोळसे रचले, आणि पत्रा लाल होईपर्यंत भाता चालला. मुरलीकाका शिव्या देत शिकवत. "लेथ नाही ही, मास्तर! हिला बटण नाही. रंग बघ, रंग. अजून नाही. अजून नाही. आता!" अण्णांच्या हातांना फोड आले. आई तिथे डबा घेऊन येई, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, आणि म्हणे, "बघा, शेवटी डबा लागलाच." दरवेळी ठोक्यांचा फेर झाला की अण्णा स्वतःच भट्टी पेटवायला उठत, मुरलीकाकांनी सांगण्याची वाट न बघता.

अण्णा उजव्या हाताचे. त्यामुळे आज त्या तपेल्याचं अंग डावीकडे सरकतं आणि बूड उजवीकडे. उद्या कोणी माझ्यासारखं मोजायला बसलं तर ते म्हणेल, अंग एकाचं, बूड दुसऱ्याचं, आणि आळीची जुनी गोष्ट तेवढी उलटी होऊन पुन्हा चालू लागेल. हे प्रकरण मी मुख्यतः त्यासाठी लिहिते आहे. अठरा कागद माझ्या कपाटात पुठ्ठ्याच्या नळीत आहेत, ज्याला पाहायचे त्यानं यावं.

चौथ्या दिवशी सकाळी तपेलं देवळाच्या अंगणात तीन दगडांवर चढवलं आणि पंचेचाळीस घागरी पाणी ओतलं. घागरी मी मोजल्या. खाली अण्णांनी राख पसरली होती, थेंब पडला तर दिसावा म्हणून. आळीतली माणसं येत, वाकून बघत, आणि बाजूला उभी राहत. अण्णा समोर उकिडवे बसले होते. दुपार उलटल्यावर विश्वनाथशेठ आले. त्यांनी अंगठी काढली, बाही सारली, गुडघ्यावर बसून तपेल्याखाली हात घातला आणि सांध्यावरून सावकाश पूर्ण फिरवला. मग तळहात सगळ्यांना दाखवला.

"कोरडं."

"पुन्हा एकदा बघा," अण्णा म्हणाले.

शेठनी दुसऱ्यांदा हात घातला. या वेळी त्यांनी जास्त वेळ घेतला. बाहेर काढलेला हात त्यांनी दाखवला नाही, नुसता अण्णांच्या खांद्यावर ठेवला आणि त्यांच्या आधारानं उठले. मुरलीकाका काठाशी छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन तयार होते. त्यांनी विचारलं, "काय नाव घालू?"

अण्णा उभे राहिले आणि त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं.